धार आणि जोर

असोदा म्हटलं की बाहेरच्या माणसाला कवयित्री बहिणाबाईंचं माहेर आठवतं आणि भरताची वांगी आठवतात. मला मात्र हे गाव माझ्या वर्कबेंचवर येणाऱ्या कामांमधून जास्त कळत गेलं. वखराची पास, ट्रॉलीचा फाळका, मोटारीच्या स्टार्टरची पेटी, खिडकीची जाळी, केळीच्या ठिबकचा पीव्हीसी पाइप. प्रत्येकाला कुठे ना कुठे भोक पाडायचं असतं आणि प्रत्येकाचा माल वेगळा. लोक ड्रिल मशीन विकत घेताना कंपनी बघतात, वॉट विचारतात, घासाघीस करतात. बिट मात्र दुकानदार देईल ते उचलतात. खरं काम करतं ते बिट, मशीन त्याला फक्त फिरवतं.

"भो, मशीनच कमजोर हाये, बिट आत जातच नही," अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी बिट उजेडात धरतो. धारेवर पांढरी चमकती रेघ दिसली की ते बोथट झालं. धारदार कडेवरून उजेड परत येत नाही. बोथट बिट कापत नाही, घासतं. घासलं की तापतं, तापलं की आणखी बोथट होतं. मग माणूस अंगाचा सगळा भार मशीनवर टाकतो. पत्र्याची शेवटची पातळ पापडी फुटते तेव्हा तो भार एकदम मोकळा होतो, बिट पुढे धसतं, काठात अडकतं. एक तर ते तुटतं, नाही तर मनगट पिळवटतं. या धंद्यातल्या बहुतेक इजांच्या मुळाशी मला बोथट धारच दिसते. धार नसते म्हणून जोर लागतो आणि जोरामुळे हात जातो.

पूर्वी सुतार दोरी गुंडाळलेला सामता आणि गिरमिट वापरत. लोखंडासाठी भाल्याच्या टोकासारखी चपटी बिटं असत, ती खरवडत जात आणि कीस भोकातच अडकून बसे. अमेरिकेतल्या स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये पिळाच्या बिटचं पेटंट घेतलं. पिळाच्या खाचांतून कीस आपोआप वर येऊ लागला. लेथवर काम करणारा प्रत्येक जण 'मोर्स टेपर' म्हणतो, तो याच माणसाचा. आज आपण वापरतो त्या हायस्पीड स्टीलमध्ये (एचएसएस) साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम आणि २ टक्के व्हॅनेडियम असतं. हा एम-२ प्रकार झाला. सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत त्याचा कडकपणा टिकतो. साधं कार्बन स्टीलचं बिट २००-२५० अंशांच्या पुढे गेलं की मऊ पडू लागतं. पाकिटावर 'एचएसएस' आहे का, हे बघून घ्यावं ते यासाठी. नुसत्या सोनेरी रंगावर जाऊ नये.

बिटला धार लावणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. साध्या बिटच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो, स्टेनलेससारख्या चिवट मालासाठी १३५. गेज नसेल तर दोन षटकोनी नट शेजारी शेजारी कडेला कड लावून ठेवायचे. मधे जो खोबणीचा कोन होतो तो १२० अंशांचा, म्हणजे ११८च्या अगदी जवळचा. त्यात टोक बसवून बघायचं. कोनाइतकंच महत्त्वाचं म्हणजे दोन्ही कडांची लांबी सारखी हवी. एक कड लांब राहिली तर टोक मध्यातून सरकतं आणि १० मि.मी.च्या बिटने त्याहून मोठं भोक पडतं. आणि कडेच्या मागची टाच कडेपेक्षा खाली हवी, साधारण ८ ते १२ अंश उतरती. टाच वर राहिली तर कड मालाला टेकतच नाही. कितीही जोर लावा, काही उपयोग नाही. धार बरोबर लागली की लोखंडातून दोन्ही बाजूंनी सारख्या लांब वळ्या निघतात. ते बघताना मला आजही समाधान वाटतं. ग्राइंडरच्या दगडावर बिट थोडा थोडा वेळ धरावं आणि मधे मधे गार होऊ द्यावं. लाल होईपर्यंत घासून पाण्यात बुडवलं तर धारेला बारीक तडे जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पुढच्या भोकात धारेचा तुकडा उडतो तेव्हा कळतात.

आता ठिबक. जळगाव जिल्ह्यात केळीखाली ठिबक आल्यापासून आमच्या भागात सर्वात जास्त भोकं पडत असतील ती सबमेनच्या पीव्हीसी पाइपाला. प्रत्येक लॅटरलसाठी, म्हणजे ओळीतल्या बारीक नळीसाठी, एक भोक, त्यात रबरी ग्रोमेट, त्यात नळी जोडायचा टेक-ऑफ. इथे वर सांगितलेलं सगळं उलटं होतं. लोखंडासाठी लावलेली तीक्ष्ण धार पीव्हीसीत एकदम आत खेचली जाते आणि भोकाच्या काठाला चीर पडते. म्हणून पीव्हीसीसाठी वेगळं बिट ठेवून त्याच्या कडा दगडी पट्टीवर किंचित मारून घ्याव्या, म्हणजे ते ओढत नाही, हळूहळू कापतं. वेग कमी, हात हलका. पीव्हीसी तापलं की वितळतं आणि पिळात चिकटून बसतं. ग्रोमेट बनवणाऱ्या कंपनीने जे माप सांगितलं आहे त्याच मापाचं बिट घ्यावं. 'जवळपास चालतं' म्हणून अर्धा मि.मी. मोठं घेतलं तर रबर पकडत नाही आणि हंगामभर तिथून पाणी झिरपत राहतं. आधी पाइपावर सरळ रेघ मारून घ्यावी, नाहीतर पाइप फिरत जातो आणि भोकं तिरकी होतात. बिटवर खोलीची खूण करावी, म्हणजे ते समोरच्या भिंतीला लागत नाही. काठावरचा खरखरीत भाग चाकूने काढावा, कारण तोच रबर कापतो. आणि सबमेनच्या टोकाचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून पाणी जोरात सोडल्याशिवाय लॅटरल जोडूच नये. पाइपात पडलेला भोकांचा कीस तसाच राहिला तर तो ड्रिपरमध्ये जाऊन बसतो, आणि शेतकरी महिनोन्महिने पाण्याला दोष देत राहतो. ओल्या चारीत उभं राहून वायरचं मशीन चालवू नका. बॅटरीचं घ्या, नाहीतर हाताने फिरवायचं.

वेगाचा हिशेब सोपा आहे. साध्या लोखंडाला मिनिटाला २५ मीटर कापण्याचा वेग धरला तर ६ मि.मी.च्या बिटला सुमारे १३०० फेरे लागतात आणि १२ मि.मी.ला ६६० च्या आसपास. म्हणजे बिट मोठं तसा वेग कमी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. लोखंडाला कूलंट किंवा तेल, ॲल्युमिनियमला केरोसीन, बिडाला काहीच नाही. बिडातला ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचं काम करतो. खोल भोकात बिट मधे मधे बाहेर काढून कीस झटकावा. भिंतीला टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचं बिट लागतं आणि हॅमर चालू करावा लागतो. तेच टाइल्सवर हॅमर लावून चालवलं तर टाइल फुटते. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये, तिथूनच वायर गेलेली असते.

आयटीआयमधून नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्यांदा हातमोजे काढायला लावतो. त्यांना नवल वाटतं, कारण हातमोजे म्हणजे सुरक्षितता असं त्यांच्या डोक्यात असतं. फिरत्या बिटाजवळ सुती मोज्याचा एक धागा अडकला तरी मागोमाग बोटं जातात. गळ्यातला रुमाल, शर्टची सुटी बाही, हातातलं कडं, मोकळे केस, ओढणी, यांनाही तोच नियम. छोटा पत्रा हातात धरून भोक पाडू नये. शेवटच्या क्षणी बिट त्याला पकडतं आणि तो पंख्यासारखा फिरतो. व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने आवळावा, खाली लाकडाचा तुकडा द्यावा. सेंटर पंच मारावा, म्हणजे टोक घसरत नाही. कीस बोटाने किंवा फुंकरीने काढू नये, ब्रश ठेवावा. चकची चावी चकमध्ये सोडून मशीन चालू करू नये. ती सुटली तर गोळीसारखी जाते.

काम झालं की बिटं एका डब्यात खडखडत टाकून देऊ नका. एकमेकांवर आपटून धारा जातात. लाकडाच्या ठोकळ्यात मापाप्रमाणे भोकं पाडून त्यात उभी ठेवा, पावसाळ्यात तेलाचा हात फिरवा. एकदा धार लावायला शिकलात तर चांगलं बिट वर्षानुवर्षं चालतं. आणि डोळ्यांसाठी साधा प्लास्टिकचा चष्मा घ्या. १२ मि.मी.च्या एका चांगल्या बिटपेक्षा तो स्वस्त मिळतो.