आपल्या मापाची नौका

जलविहारास निघणाऱ्या कुटुंबाचा पहिला प्रश्न बहुधा 'किती दिवस आणि किती रुपये' हाच असतो. हा प्रश्न गैर आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्याच्या आधीं एक प्रश्न विचारावयास हवा. आपणांस समुद्र पाहावयाचा आहे, कीं समुद्रावर राहून दुसरेंच कांहीं पाहावयाचें आहे?

करमणुकीसाठीं सागरयात्रा ही प्रथा मूळ व्यापारी हिशेबांतून वाढली. १८९१ च्या जानेवारींत हांबुर्गच्या एका कंपनीनें 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही आगबोट भूमध्य समुद्राच्या फेरीस धाडली. हिंवाळ्यांत अटलांटिकवर उतारू थोडे. तेव्हां बोट रिकामी ठेवण्यापेक्षां हौशी मंडळींस हिंडवून आणलेलें बरें! त्या हिशेबाचा कळस म्हणजे २०२४ सालीं मायामीहून प्रथम निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज'. वीस मजले, सात जलतरण-तलाव आणि सुमारें ७,६०० उतारूंची सोय! एवढीं तळीं जवळ असतां समुद्राकडे पाहण्यास सवड कोणास मिळावी? नॉर्वेच्या किनाऱ्यावरची बोट अगदीं निराळी. टपाल व माल पोंचविण्यासाठीं १८९३ सालीं सुरू झालेली ती फेरी आज सहल म्हणूनहि प्रसिद्ध आहे. बर्गेनपासून किर्केनेसपर्यंत ती ३४ बंदरें घेते. मध्यरात्रींहि धक्क्यास लागते, गांवचीं माणसें चढतात-उतरतात. तमाशे थोडे, पण किनारा बहुतेक वेळ डोळ्यांसमोर.

या दोन बोटींवरून आमच्या घरीं दोन तट पडले. मुलांना घसरगुंड्या हव्या होत्या. मातुःश्रींचें वय ब्याऐंशी. लहानपणीं त्या मुंबईहून बोटीनें रत्नागिरीस जात, तेव्हां कठड्याशीं उभें राहून किनाऱ्यावरचीं गांवें ओळखण्याचा त्यांना छंद असे. त्यांनीं एवढेंच विचारलें, "किनारा दिसेल ना रे?"

त्या प्रश्नानें निकाल लागला. मुलांपुढें अजून पुष्कळ बोटी आहेत. मातुःश्रींपुढें कदाचित् ही एकच. आम्हीं नॉर्वेची बोट ठरविली. खोली बोटीच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यावर घेतली, कारण हेलकावे तेथें सर्वांत कमी जाणवतात. महिना जूनचा धरला. त्या दिवसांत दूर उत्तरेस सूर्य मावळतच नाहीं, तेव्हां रात्रींहि किनारा दिसेल. मध्यरात्रींचा सूर्य ऐकतांच मुलांचा रुसवाहि निम्मा ओसरला.

जाहिरातींतली प्रत्येक बोट प्रत्येकास शोभून दिसते. निवड करतांना आपल्या मंडळींपैकीं ज्याला असा योग पुन्हां येण्याचा संभव सर्वांत कमी, त्याच्या डोळ्यांनीं एकदां नकाशा पाहावा. दर आणि दिवस मग सावकाश जुळवितां येतात.