राखाडी कापूस

पहिल्या बोनसमधून सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि दिवाळीला सावनेरला घरी आलो. समोरच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस भरला होता. दारातून आलेलं ऊन थेट ढिगावर पडलं होतं. बाबांना त्याच्या पुढ्यात सावलीत बसवलं, ऑटोवर फोटो काढला आणि मोठ्या कौतुकानं स्क्रीन दाखवली. बाबांनी बराच वेळ पाहिलं.

"मी इतका काया हाओ का रे?" एवढंच म्हणाले आणि शेतात निघून गेले.

कापूस मळकट राखाडी दिसत होता. बाबांची मिशीसुद्धा ओळखू येत नव्हती.

लेन्स खराब असेल, असं मी ठरवून टाकलं. सॉफ्टवेअरवाला माणूस आधी हार्डवेअरलाच दोष देतो. मग एक प्रयोग केला. आमच्याकडे खाणीच्या ट्रकमधून कोळसा रस्त्यावर सांडतो. त्यातलं नारळाएवढं ढेकूळ उचलून आणलं. खिडकीपाशी, एकाच उजेडात, आधी फ्रेमभर कापूस टिपला, मग फ्रेमभर कोळसा. आयएसओ आणि अ‍ॅपर्चर कायम, शटर कॅमेऱ्यानं ठरवायचं. कापसाला त्यानं सेकंदाचा १/१००० भाग दिला, कोळशाला १/६०. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर रंग जवळजवळ एकच. राखेचा.

कॅमेऱ्यातलं मीटर वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतं. समोर कापूस आहे की कोळसा, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून ते धरून चालतं की जे काही आहे ते मध्यम राखाडी असणार, पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं. पांढरं समोर आलं की ते उजेड कमी करतं, काळं आलं की वाढवतं. १/१००० पासून १/६० पर्यंत उजेड चार वेळा दुप्पट होतो, म्हणजे चार स्टॉप. अ‍ॅपर्चरचे १.४, २, २.८, ४ हे आकडेही तेव्हाच उलगडले: भोकाचं क्षेत्रफळ निम्मं करायचं तर व्यासाला दोनच्या वर्गमुळानं भागायचं. इंजिनिअरिंगची चार वर्षं उगाच गेली नव्हती तर!

पुढच्या दिवाळीला मी तयारीनिशी आलो. तीच जागा, तेच ऊन, फक्त एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१.७ वर. बाबांच्या सुरकुत्या, कपाळावरचा जुना व्रण, सगळं आलं. मी खूष.

"अन् कापूस कुठं गेला?"

कापसाच्या जागी कोरा कागद होता. ज्याची प्रत धाग्यावरून ठरते, त्या मालात एक धागा दिसत नव्हता. वर्षभर राबलेल्या माणसाला मी पांढऱ्या भिंतीसमोर बसवलं होतं. अंधारात बुडालेलं पुढं संगणकावर थोडंफार उकरून काढता येतं. उतू गेलेलं भांड्यात परत येत नाही.

ऊन आणि सावली यांत अंतरच इतकं होतं की कुठलंही एक सेटिंग दोघांना पुरणार नव्हतं. हे कळायला मला दोन दिवाळ्या लागल्या. मग कॅमेरा बाजूला ठेवला. चहा झाला. ऊन ढिगावरून उतरून अंगणात गेलं आणि खोलीत सगळीकडे सारखा, मऊ उजेड उरला. आता +०.७ पुरलं.

बाबांनी कॅमेरा हातात घेतला. कापूस मोठा करून पाहिला, बोंडाबोंडानं. मग स्वतःच्या चेहऱ्याकडं आले.

"तुह्या मायले दाखव," म्हणाले.