दुसरा टच

माझ्या डाव्या हाताची करंगळी नीट मिटत नाही. मूठ वळली की ती एकटीच बाहेर राहते. कराडजवळच्या आमच्या शाळेत व्हॉलीबॉलच्या नेटचं एक टोक लोखंडी खांबाला आणि दुसरं कडुनिंबाला बांधलेलं असे. तिथे ब्लॉकला उडी मारताना चेंडू बसला, त्याची ही आठवण. उंची बेताची म्हणून सरांनी मला लिफ्टर केलं होतं. 'सेटर' हा शब्द फार पुढे कानावर आला. आमच्यात चेंडू उचलून देणारा लिफ्टर, हाणणारा स्मॅशर. जत्रेतल्या सामन्यात शिट्ट्या पडत त्या स्मॅशरला. लिफ्टरचं नाव निघे, पण लिफ्ट चुकली तरच.

नोकरीने डेन्व्हरला आणलं. बास्केटबॉल मला आजही पुरता कळत नाही. मुलगा डेन्व्हर नगेट्स संघाचा वेडा, म्हणून घरात सामने लागायचे. २००४ पासून टीव्हीवर त्यांचं वर्णन करणारा ख्रिस मार्लो. एका संध्याकाळी मी गवार मोडत बसलो होतो, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, हा तुझ्या खेळातला आहे."

निघाला तर नुसता खेळातला नाही, माझ्या जागेवरचाच! १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघाचा कर्णधार, आणि सेटर. तोही राखीव. स्पर्धेच्या तोंडावर रॉड वाइल्ड या सेटरचा पाय मोडला, म्हणून ३२ वर्षांच्या मार्लोला संघात परत घेतलं. कोर्टावर चेंडू उचलायचा डस्टी ड्वोराक. कर्णधार बहुतेक वेळ बाकावर. गटातल्या सामन्यात ब्राझीलने त्यांना ३-० असं धुतलं आणि अंतिम सामन्यात त्यांनी ब्राझीलला ३-० नेच परतफेड केली: १५-६, १५-६, १५-७. सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळण्याचे ते दिवस. सोव्हिएत संघ बहिष्कारामुळे आला नव्हता हे खरं, पण ब्राझील काही ऐरागैरा नव्हता.

हे कळल्यावर मी सामना बघण्यापेक्षा ऐकायला लागलो. बास्केट पडली की मार्लो खेळाडूचं नाव घ्यायचा, दोन-चार शब्द बोलायचा आणि थांबायचा. शेजारी बसलेला स्कॉट हेस्टिंग्ज स्वतः जुना बास्केटबॉलपटू. बास्केट का पडली, बचाव कुठे फसला, ते तो सांगायचा, विनोदही त्याचाच. अरे, ही तर लिफ्ट! चेंडू हातात ठेवायचा नाही, पुढच्याच्या उडीच्या बेताने हवेत सोडून द्यायचा. गवारीच्या शिरा काढता काढता मी मनात म्हणायचो, "सोड आता." आणि तो सोडायचा.

पुढे सामने दाखवणारं चॅनेल आणि केबलवाले यांचं फाटलं आणि आमच्याकडे नगेट्सचे सामने दिसेनासे झाले. मुलगा चिडायचा खेळासाठी, मी आवाजासाठी.

१२ जून २०२३ ला नगेट्सनी मायामीला ९४-८९ असं हरवलं आणि पहिल्यांदा एनबीए जिंकली. पण तेव्हा प्लेऑफची पहिली फेरी संपली की सामने राष्ट्रीय वाहिन्यांकडे जात, स्थानिक समालोचकाला टीव्हीवर जागा नसे. १९ हंगाम ज्याने हा संघ घराघरात पोचवला, तो त्या रात्री टीव्हीच्या माइकवर नव्हता.

मी आवाज बंद करून सामना पाहिला.