गुडघाभर पाण्यातला तांडेल

इंग्लंडला जाऊन आले की लोक पहिला प्रश्न विचारतात तो लंडनचा. राजवाडा पाहिला का, टॉवर ब्रिज पाहिला का, मेणाचे पुतळे पाहिले का. हे सगळे आम्ही पाहिले, आणि प्रत्येक ठिकाणी आपण उभ्या होतो याचा पुरावा सौ.ने फोटोच्या रूपाने घरी आणला आहे. पण त्या देशातली जी जागा माझ्या मनात घर करून बसली, ती लंडनपासून शंभरसव्वाशे मैल दूर, नॉर्विचजवळच्या एका लहानशा गावात आहे. ते एक तळे आहे. सिमेंटच्या काठाचे, बदकांनी भरलेले, आणि खोली म्हणाल तर माझ्या गुडघ्याइतकी.

आम्ही भाचीकडे उतरलो होतो. रविवारी सकाळी जावईबापू म्हणाले, "मामा, चला, तुम्हाला आमच्या गावचा समुद्र दाखवतो." कोकणातल्या माणसाला कोणी समुद्र दाखवायला निघाले की त्याला जरा हसूच येते. बागेत पोहोचलो तो काठावर दहाबारा पेन्शनर मंडळी घडीच्या खुर्च्या मांडून बसलेली. प्रत्येकाच्या बाजूला एक ढकलगाडी, थर्मास, आणि हातात बिनतारी यंत्राची पेटी. तळ्यात बोटीच बोटी! एक धूर सोडणारी टगबोट, दोन शिडाच्या होड्या, एक करडी युद्धनौका. ती बदकांना भिऊन कडेकडेने चालली होती.

या गर्दीतून एक निळ्या अंगाची, पांढऱ्या माथ्याची, लाल पट्ट्याची बोट संथपणे येत होती. तिला घाई नव्हती. लाटांवर ती अशी डुलत होती की क्षणभर भोवतालचे तळे नाहीसे झाले आणि मी रेवसच्या धक्क्यावर उभा आहे असे वाटले. मी काठाशी वाकलो, तेव्हा मागून आवाज आला, "आपण जरा बाजूला होता का? माझ्या बोटीवर तुमची सावली पडते आहे."

ते म्हातारबुवा ऐंशीच्या घरातले होते. सारा जन्म बसगाड्यांची इंजिने दुरुस्त करण्यात गेलेला. बोट होती क्रोमर गावच्या 'एच. एफ. बेली' या लाइफबोटीची प्रतिकृती. खरी बोट 46 फूट लांब, ही 46 इंच. फुटाचा इंच करायचा, म्हणजे एकास बारा हे प्रमाण.

"तुम्ही लाइफबोटीवर होता का?" मी विचारले.

"मी? छे! मला बोट लागते."

त्या वाक्यावर आमची मैत्री झाली.

पुढचा तासभर त्यांनी मला जे सांगितले ते ऐकताना मला शाळेतल्या सुतारकामाच्या तासाला लक्ष न दिल्याचा पश्चात्ताप झाला. चार हिवाळे या बोटीला लागले. आधी प्लायवूडच्या फासळ्या कापून एका लांब कण्यावर उभ्या करायच्या. मग त्यांवर लाकडाच्या पातळ पट्ट्या तिरप्या बसवायच्या, आणि वरून दुसरा थर उलट दिशेने तिरपा. खऱ्या बोटी अशाच, महोगनीच्या दुहेरी तिरप्या फळ्यांच्या असत. आजकाल बाजारात काचतंतूंचे तयार सांगाडे मिळतात, बहुतेक जण तेच आणतात. मी म्हटले, "पण वरून रंग दिल्यावर आतली तिरपी पट्टी दिसते कोणाला?"

"मला ठाऊक असते ना!" म्हातारबुवा म्हणाले. याला उत्तर नव्हते.

आता वजनाचे पाहा. लांबी बारापट कमी केली म्हणजे वजन बारापट कमी होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही बारापट घटतात, तेव्हा भागायचे 1728ने. वीस टनांची बोट असेल तर तिची प्रतिकृती साडेअकरा किलोच्या आसपास भरली पाहिजे. त्याहून हलकी झाली तर ती बुचासारखी उड्या मारते. जड झाली तर पाण्याची रेघ रंगवलेल्या रेघेच्या वर जाते, आणि मग शेजारचे पेन्शनर चहा पिता पिता सभ्यपणे हसतात. म्हणून म्हातारबुवांनी शिसे भरलेली जुन्या पद्धतीची बारा व्होल्टची बॅटरी घातली आहे. तीच वीज देते, तीच बोटीच्या तळाशी बसून तोल सांभाळते. उरलेसुरले वजन शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्यांनी भरून काढायचे. ही सारी तोलाई घरच्या न्हाणीतल्या टबमध्ये झाली. त्या आठवड्यात घरात कोणीही अंघोळ केली नाही, असे ते म्हणाले. एरवी त्या देशात कोणाच्या लक्षातही आले नसते, असे सौ.चे मत पडले. ते मी इंग्रजीत भाषांतर करून सांगितले नाही.

खरी गंमत वेगाची. खरी बोट आठ नॉट वेगाने जाई. बारापट लहान बोट बारापट हळू चालवली तर ती मुंगीसारखी सरपटेल, आणि तिच्या नाळेपाशी लाटच उठणार नाही. यावर विल्यम फ्रूड नावाच्या इंजिनीयराने उपाय शोधला. 1872 साली टॉर्की येथे त्याने एक लांब हौद बांधला, त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. त्याचा नियम असा की वेग भागायचा तो बाराने नव्हे, बाराच्या वर्गमुळाने. म्हणजे साधारण साडेतीनने. त्या हिशेबाने म्हातारबुवांच्या बोटीने ताशी सव्वाचार किलोमीटर जायचे. हा माणसाच्या चालण्याचा वेग! खरोखरच, ती काठाकाठाने निघाली की ते तिच्याबरोबर पावले टाकीत चालत. तिला दोन मोटारी आणि दोन पंखे. पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, नाहीतर बोट एका अंगाला ओढते. वाळूवर घासून मोडू नयेत म्हणून खऱ्या बोटीचे पंखे तळाच्या पन्हळीत लपवलेले असत, तसेच याही बोटीचे. मोटारी पट्ट्यावर जोडून त्यांचा वेग मुद्दाम कमी केलेला. बसवाल्याची बुद्धी ती!

शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांची बोट आजच्या 'टामार' जातीची होती, नारिंगी माथ्याची. खरी टामार 25 नॉटने धावते. तिची प्रतिकृती लिथियम बॅटरीवर ताशी तेरा किलोमीटरने पाणी कापत गेली आणि बदकांची दाणादाण उडाली. तिची मोटार तापू नये म्हणून तळ्याचेच पाणी नळीने तिच्याभोवती खेळवलेले. मग त्यांनी काठीने ती उलटी केली. टामार क्षणभर पोट वर करून पडली आणि आपणहून सुलटी झाली! सगळी खुबी वरच्या हवाबंद खोलीत आणि तळाच्या वजनात.

"आणि तुमची?" मी म्हातारबुवांना विचारले.

"ही उलटली तर उलटलीच. खरीही तशीच होती."

नंतर वाचून पाहिले, ते खरे होते. 1969 साली लाँगहोपची लाइफबोट उलटून आठही जण गेले, 1970 साली फ्रेझरबराची उलटून सहापैकी पाच. त्यानंतर, आपोआप सुलटणारी नसेल तर बोट नकोच असे ठरले. नवल असे की अशी बोट सुचली होती त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी, आणि तीही एका चिमुकल्या प्रतिकृतीच्या रूपात. 1789 साली टाइन नदीच्या मुखाशी 'ॲडव्हेंचर' नावाचे जहाज लोकांच्या डोळ्यांदेखत फुटले आणि किनाऱ्यावरच्या हजारो माणसांना काही करता आले नाही. मग उत्तम लाइफबोटीच्या नमुन्यासाठी दोन गिनींचे बक्षीस लागले. साउथ शील्ड्सच्या विल्यम वुडहेव्हने पत्र्याची एक बोट करून आणली. ती कशीही टाकली तरी सुलटी होई. समितीने त्याला निम्मे, म्हणजे एकच गिनी देऊ केली. त्या मानी माणसाने ती नाकारली. बोट बांधण्याचे काम दुसऱ्यालाच मिळाले. लाइफबोटीचा सारा इतिहास असा एका खेळण्यापासून सुरू होतो म्हटले तरी चालेल.

"क्रोमरला जा," निघताना म्हातारबुवा म्हणाले. "माझी पाहिलीत, आता तिची आई पाहा."

म्हणून आम्ही नॉर्विचहून आगगाडीने क्रोमरला गेलो. पाऊण तासाचा रस्ता. गाव खेकड्यांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे शाकाहारी सौ. जरा फुरंगटूनच होती. समुद्राकाठच्या संग्रहालयात 'एच. एफ. बेली' उभी आहे. हात लावला तर लाकूड थंड लागते. तिचा तांडेल हेन्री ब्लॉग. हा खेकडे धरणारा कोळी 1909 ते 1947 अशी 38 वर्षे या गावच्या लाइफबोटीचा तांडेल होता. एकंदर 53 वर्षांत 387 वेळा तो समुद्रात गेला आणि त्याने व त्याच्या सोबत्यांनी 873 माणसे वाचवली. याला पोहता येत नव्हते! 1917 साली तरुण मुले युद्धावर गेलेली, तेव्हा पन्नाशीच्या आसपासच्या वल्हेकऱ्यांना घेऊन त्याने फुटलेल्या 'फर्नेबो'वरची माणसे आणली. 1932 साली एका इटालियन जहाजावरचा कुत्रासुद्धा आणला आणि पाळला. 1941च्या ऑगस्टात एका तांड्यातली काही जहाजे वाळूच्या दांड्यावर चढली. ब्लॉगने ही बोट बुडालेल्या जहाजाच्या डेकवर नेऊन टेकवली, आणि त्या दिवशी एकट्या या बोटीने 88 माणसे काढली.

88 हा आकडा वाचून मी तेथल्या बाकावर बसलो. सौ.ला वाटले, मला चालून दम लागला.

आमच्या घरी एक जुना विषय होता. तो कोणी काढीत नसे. माझ्या आईचे वडील 17 जुलै 1947 रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोटीत बसले. रेवसला उतरायचे आणि सणाला घरी पोहोचायचे. बोट वाटेतच कलंडली. सहाशेच्या वर माणसे गेली. बातमी मुंबईला पोहोचायलाच कित्येक तास लागले. रेवस-मांडव्याच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून जमली तेवढी माणसे काढली. त्यांना ना पगार होता, ना पदक. आजोबा त्यांना सापडले नाहीत. आई सांगे, त्यांच्यासाठी वाढलेले ताट संध्याकाळपर्यंत तसेच झाकून ठेवले होते. इतकेच. क्रोमरच्या त्या थंड लाकडाला हात लावून मला ते ताट आठवले.

ही संस्था 1824 साली सर विल्यम हिलरी यांच्या खटपटीने निघाली आणि मुख्यतः लोकांच्या वर्गणीवर चालत आली. तळ्यावरचे पेन्शनरही जत्रेच्या दिवशी तिच्यासाठी डबा फिरवतात.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा तळ्यावर गेलो. वारा जोराचा होता. आठनऊ वर्षांच्या एका मुलाची नवी कोरी बोट तळ्याच्या मधोमध गेली आणि बंद पडली. बॅटरी संपली असावी. वारा तिला पलीकडच्या वेताच्या बेटाकडे नेत होता. तेथे गाळ आहे, एकदा शिरली की बोट हाती लागत नाही. मुलगा रडला नाही, फक्त त्याने ओठ घट्ट मिटले. त्याची आजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

म्हातारबुवांनी बेली सोडली. पण त्यांचा अंगठा थरथरत होता. गेल्या आठवड्यात हे माझ्या लक्षात आले नव्हते. बोट डावीउजवीकडे वेडीवाकडी जाऊ लागली. त्यांनी दोन वेळा प्रयत्न केला, मग पेटी माझ्या हातात दिली.

"तुम्ही चालवा. मी सांगतो."

मी आयुष्यात स्कूटरपलीकडे काही चालवलेले नाही. बोट दूर जाते तोवर ठीक असते. पण ती वळून आपल्याकडे येऊ लागली की तिचे डावे ते आपले उजवे होते. पहिल्यांदा मी सरळ बदकांच्या अंगावर गेलो. "स्वतःला बोटीत बसवा," म्हातारबुवा म्हणाले, "काठावर उभे राहू नका." मी बसलो. वाऱ्याच्या खालच्या अंगाला जायचे, घाई करायची नाही, मग नाळेवरची दोरखंडाची गादी त्या बोटीच्या कुशीला टेकवायची. वेत चार हात उरले होते. मी दोन वेळा चुकलो. तिसऱ्या वेळी गादी टेकली. दोन्ही मोटारी हळूहळू पुढे केल्या तेव्हा दोन्ही बोटी मिळून वाऱ्याच्या तोंडावर इतक्या सावकाश येऊ लागल्या की मला वाटले, बॅटरी काठापर्यंत पुरणार नाही. सौ. माझ्या बाजूला उभी राहून एक शब्द बोलत नव्हती. गेल्या चाळीस वर्षांत असे क्वचितच झाले असेल.

बॅटरी पुरली. मुलाने बुटांसकट पाण्यात उतरून आपली बोट उचलली. आजी त्याला रागावली नाही. म्हातारबुवांनी ढकलगाडीतून लाइफबोटीच्या आकाराचा डबा काढून पुढे केला. मुलाने एक नाणे टाकले. मी खिशात होते नव्हते ते सगळे टाकले. जावईबापू त्यावर काही बोलणार होते, पण सौ.ने त्यांना खुणेने थांबवले.

"पुढच्या रविवारी याल?" म्हातारबुवांनी विचारले.

"पुढच्या रविवारी आम्ही विमानात असू."

"मला विमानही लागते," ते म्हणाले, आणि बोट पुसायला टॉवेल शोधू लागले.