मायना लिहिण्याआधी

हाताने लिहिलेल्या पत्राचा विषय निघाला की बोलणं लगेच हळवं होतं. शाईचा वास, पोस्टमनची सायकल, आईचं वळणदार अक्षर. या हळवेपणाशी माझं भांडण नाही, पण त्याने पत्राची बाजू लंगडी पडते असं मला वाटतं. वासासाठी कुणी पत्र लिहीत नव्हतं. माझं म्हणणं असं आहे की नांदेड-लातूरच्या आमच्या मुलखात पत्र हे मराठी गद्य लिहायला शिकण्याचं घरगुती ठिकाण होतं, आणि कित्येक घरांत ते एकमेव ठिकाण होतं. ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले तेव्हा निरोप थांबले नाहीत, उलट शंभरपटीने वाढले. थांबलं ते हे लिहिणं, आणि त्याची भरपाई आपण अजून कुठेच केलेली नाही.

'आमच्या मुलखात' असं मुद्दाम म्हणतो, कारण पुण्या-मुंबईचा इतिहास वेगळा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. घरात मराठी बोलणारा मुलगा शिकत वर गेला की त्याची लिहिण्यातली मराठी मागे राहायची. परीक्षेत उर्दू, नोकरीच्या अर्जात उर्दू. मराठीत सलग दहा वाक्यं लिहायचा प्रसंग यायचा तो घरी पत्र धाडताना. संस्थानचं टपाल खातंही वेगळं होतं. १८६९ पासून निजामाची स्वतःची तिकिटं होती, ती संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत आणि १९५० साली हे खातं भारतीय टपालात विलीन झालं. त्या तिकिटांवर किंमत उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चार भाषांत छापलेली असे. कचेरीत जिला मान नव्हता ती मराठी तिकिटाच्या कोपऱ्यात होती आणि लिफाफ्याच्या पोटात होती. उर्दूवर राग धरायचं मात्र काही कारण नाही. लिफाफा, मजकूर, खुशाली हे शब्द अरबी-फारसीतून आले, आणि ज्या शब्दाने मराठी पत्र सुरू होतं तो 'मायना'सुद्धा तिकडचाच.

या मायन्याकडे जरा जवळून पाहू. निळं आंतर्देशीय पत्र डोळ्यांपुढे आणा. एकच कागद, त्याला घड्या, कडेला डिंकाच्या पट्ट्या. वर मधोमध 'श्री', उजव्या हाताला गाव आणि तारीख, आणि मग मायना. वडील माणसाला तीर्थरूप आणि शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्याला चिरंजीव आणि अनेक उत्तम आशीर्वाद, बरोबरीच्याला स.न.वि.वि., म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. बातमी मृत्यूची असेल तर वर श्री नसे आणि कार्डाचा कोपरा फाडलेला असे. वाचता न येणाऱ्यालाही तेवढ्यावरून कळायचं. मायन्यानंतर 'पत्रास कारण की'. म्हणजे आपण का लिहितोय हे पहिल्या दोन ओळींत सांगायचं. मग मजकूर. कागद संपत आला की अक्षर बारीक होई, ओळी समासात घुसत, आणि शेवटी डिंकाच्या पट्टीला लागून आडवं लिहिलेलं असे, 'मामींना नमस्कार सांगणे'. पत्र घाईने फोडलं तर नेमका तोच नमस्कार फाटायचा. साचा म्हणून कुणी याला नावं ठेवील. पण चौथी शिकलेल्या बाईला या साच्याने सुरुवात, कारण, विस्तार आणि शेवट असलेला मजकूर लिहायला शिकवलं. हे काम पुढे निबंधाच्या वहीलाही तितकंसं जमलेलं नाही.

साच्यातली सगळ्यात अवघड पायरी पहिलीच. लिहिण्याआधी ठरवावं लागतं की हा माणूस माझा कोण आणि मी त्याचा कोण. मराठीतली सर्वांत प्रसिद्ध पत्रकथा याच पायरीवर अडलेली आहे. परंपरा सांगते की चौदाशे वर्षांच्या चांगदेवाला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. वयाने पाहावं तर चिरंजीव, ज्ञानाने पाहावं तर तीर्थरूप. मायनाच ठरेना, म्हणून त्याने कोरा कागद धाडला, आणि त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची 'चांगदेव पासष्टी' आली. मला ही गोष्ट केवळ चमत्काराची वाटत नाही. नातं ठरल्याशिवाय वाक्य सुचत नाही, हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेलं सत्य तिच्यात आहे. आजच्या ई-मेलचं 'डिअर सर' ही पायरी ओलांडूनच पुढे जातं. प्राचार्यही डिअर सर आणि बँकेचा मॅनेजरही डिअर सर.

पत्रातलं गद्य किती उंच जाऊ शकतं याचा पुरावा शोधायला नांदेडच्या बाहेर जावं लागत नाही. नरहर कुरुंदकर नांदेडात शिकवत होते, पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. मुंबई-पुण्याच्या साहित्यवर्तुळापासून दूर बसलेल्या या माणसाने कोल्हापूरकडच्या कोवाडला राहणाऱ्या रणजित देसाईंना शिवाजी महाराजांविषयी लांबलचक पत्र लिहिलं, आणि ते पत्रच देसाईंच्या 'श्रीमान योगी' या शिवाजी महाराजांवरच्या कादंबरीला प्रस्तावना म्हणून छापलं गेलं. ती कादंबरी घराघरांत गेली आणि तिच्याबरोबर नांदेडहून निघालेला एक युक्तिवादही गेला. कुरुंदकरांनी हेच संशोधनपर लेख म्हणून लिहिलं असतं तर ते इतकं जिवंत झालं असतं असं मला वाटत नाही. समोर एक विशिष्ट माणूस आहे, तो कादंबरीकार आहे, त्याला अमुक ठिकाणी शंका येईल, अमुक ठिकाणी मोह होईल, हे धरून लिहिलेलं ते गद्य आहे. दुसरं उदाहरण धारवाडचं. माणसांत मिसळणं टाळणाऱ्या कथाकार जी. ए. कुलकर्णींनी मैत्री केली ती मुख्यतः पत्रांतून. त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले, आणि सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आली. पत्रमैत्री म्हणजे शाळकरी वयातला छंद, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती पत्रं वाचावीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की हे सगळं ई-मेलवरही करता येतं. येतंच. फोनवर देवनागरी आहे, लांबीला मर्यादा नाही, आणि कुरुंदकरांच्या हाती ई-मेल असती तर तोच मजकूर त्यांनी टंकून धाडला असता. दोष यंत्राचा नाहीच. पण व्यवहारात काय झालं ते पाहिलं पाहिजे. आमच्याकडे ई-मेल आली ती कॉलेजच्या, कंपनीच्या आणि बँकेच्या दारातून, आणि येताना इंग्रजी घेऊन आली. मराठी गेली फोनच्या निरोपांत, आणि तिथे पुष्कळदा रोमन अक्षरांत. निरोपाची रीतच अशी की वाक्य पुरं व्हायच्या आत समोरून उत्तर येतं. कळलं नाही तर तो विचारतो, मग आपण आणखी एक तुकडा टाकतो. पत्रात ही सोय नव्हती. उत्तराला आठ-पंधरा दिवस लागायचे, म्हणून वाचणाऱ्याच्या मनात कोणता प्रश्न येईल हे आधीच ओळखून त्याचं उत्तर तिथल्या तिथे लिहावं लागे. गद्य लिहिणं म्हणजे दुसरं काय असतं? गैरहजर माणसाचा प्रश्न ऐकू येणं, हीच ती विद्या. टपालाच्या संथपणाने ती फुकटात शिकवली.

आणि आता लातूरकडे पाहा. दहावी झाली की खेड्यापाड्यांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून मुलं लातुरात, अलीकडे नांदेडातही, खोली करून नाहीतर वसतिगृहात राहतात. परीक्षेची कसून तयारी करून घेणाऱ्या 'लातूर पॅटर्न'ने अनेक घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनिअर दिला. शेतकऱ्याच्या घरात याचं मोल काय असतं ते इथल्या कुणाला सांगायला नको. पण अकरावी-बारावीच्या या दोन वर्षांत मूल लिहितं काय? अभ्यास इंग्रजीतून, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत चारांपैकी एक गोल काळा करायचा. रात्री आईला व्हिडिओ कॉल. जेवलास का, जेवलो. पेपर कसा गेला, बरा गेला. सोळा-सतरा वर्षांचं वय, पहिल्यांदा घर सोडलेलं, मनात भीती आणि आशेचा कल्लोळ, आणि तो स्वतःच्या भाषेत मांडून पाहायची एकही जागा नाही. उर्दूच्या जागी इंग्रजी आली, एवढाच बदल म्हणता आला असता. पण उस्मानियातून घरी निदान पत्र तरी जात होतं.

पत्राची दुसरी बाजू लपवायची मला इच्छा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. पोटासाठी दूर गेलेल्या ज्या माणसाला त्या दिवशी आपलं गाव उरलंय की नाही हे कळत नव्हतं, त्याच्यापुढे टपालाच्या संथपणाची थोरवी गाणं क्रूरपणाचं आहे. बातमी फोननेच जावी. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्याचंही मला दुःख नाही. सासरहून माहेरी जाणारं कार्ड आधी सासरचे डोळे वाचत, आणि 'मी खुशाल आहे, काळजी नसावी' या ओळीखाली काय दडलंय ते आईला अक्षराच्या थरथरीवरून ओळखावं लागे. आज तीच लेक फोन घेऊन अंगणात जाते आणि मोकळं बोलते, हा लाभ लहान नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटीपासून दूर ठेवलं त्यांच्या घरी तर पत्र दुसऱ्याच्या हाताने लिहिलं गेलं आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं गेलं. हे सगळं खरं आहे. पण यातून पत्र वाईट होतं असं ठरत नाही, ते थोड्यांच्याच वाट्याला आलं एवढं ठरतं. आता तर प्रत्येक वाडी-तांड्यावरचं लेकरू शाळेत जातं. नेमकं सगळ्यांना लिहिता येऊ लागलं तेव्हाच लिहिण्याचं कारण हातातून गेलं, याची मला खंत आहे.

हाताचाच आग्रह कशाला, असं कुणी विचारील. हात संथ आहे म्हणून. कागदावर वाक्य खोडलं तर खोडलेलं दिसतं, त्यामुळे ते मनात आधी पुरं करावं लागतं. शिवाय कागद उरतो. आमच्या जुन्या वाड्यांच्या पेट्यांत मोडी पत्रं पडून आहेत आणि घरच्यांना ती वाचता येत नाहीत, हे मला मान्य आहे. पण मोडी शिकणारा आजही ती वाचू शकतो. बदललेल्या फोनमधलं बोलणं कोण वाचणार? जपणुकीची ही गोष्ट नांदेडला नव्याने सांगायची गरज नाही. १७०५ साली गुरू गोविंदसिंगांनी औरंगजेबाला फारसी काव्यात पत्र लिहिलं, तेच 'जफरनामा'. ते घेऊन गेले भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग. १७०८ साली गुरूंनी नांदेडला देह ठेवला. पत्र नेणारे हे दोघेही इथेच निवर्तले, आणि त्यांचा अंगीठा, म्हणजे दहनाची जागा, इथे आहे. पत्र लिहिणाऱ्याजवळ पत्र नेणाऱ्यांनाही मानाची जागा देणारं हे गाव आहे.

पण पत्र नेणारं टपालच उद्या राहील का? डेन्मार्कच्या टपाल खात्याने १६२४ पासून चालत आलेलं पत्रवाटप २०२५ च्या अखेरीस बंद केलं. आपल्याकडे रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, पण साधं पत्र अजून पोचतं. टपाल खातं २०१७ पासून 'ढाई आखर' ही पत्रलेखन स्पर्धाही घेतं. उपक्रम चांगला आहे, पण स्पर्धेच्या पत्राला उत्तर येत नाही, आणि उत्तराची वाट पाहिल्याशिवाय पत्र शिकता येत नाही. त्यापेक्षा दोन शाळांनी एकमेकींशी पत्रमैत्री जोडावी. कंधारच्या मुलीने औशाच्या मुलीला आपला किल्ला सांगावा, औशाच्या मुलीने तिला खरोशाची लेणी दाखवावीत. अनोळखी मैत्रिणीला काहीच माहीत नसतं, म्हणून स्वतःचं गाव पहिल्यांदा शब्दांत मांडावं लागतं. साने गुरुजींनी पुतणीला लिहिलेल्या 'सुंदर पत्रां'तून ही वाट कधीच दाखवून ठेवली आहे. शिक्षकाला यासाठी शासनाचा आदेश लागत नाही, वर्गातल्या मुलांइतकी कार्डं लागतात.

आणि ज्यांचं लेकरू लातुरात किंवा नांदेडात खोली करून राहतंय त्यांना माझी विनंती आहे. रोजचा फोन चालू ठेवा, पण महिन्यातून एकदा त्याला मराठीत पत्र लिहा आणि पत्रानेच उत्तर मागा. पोस्टकार्ड आजही ५० पैशांना मिळतं. नांदेड शहराचा पिन ४३१६०१, लातूरचा ४१३५१२. मायना काय लिहायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.