चुकलेलं पाखरू, वासरू, पिल्लू



२०२४ च्या जुलैची गोष्ट. निपाणीजवळच्या यमगर्णी गावचा 'महाराज' नावाचा कुत्रा मालकामागे वारीला गेला अन् पंढरपूरच्या गर्दीत चुकला. मालकांनी खूप शोधलं, शेवटी ते एकटेच परतले. आणि काय आश्चर्य! सुमारे २५० किलोमीटर अंतर कापून महाराज दारात हजर! गावानं त्याला हार घातला, जेवण दिलं.

पण प्रत्येक मुक्या जिवाला वाट सापडतेच असं नाही. आमच्या धाडची मुलं कधी चुकलेलं करडू शाळेत आणतात. "बाई, ठेवू या ना!" मी विचारते, "याच्यापायी आज कुणाच्या घरी रडारड चालली असेल?" मग सगळे गप्प. अन् लगेच शोधायला पळतात.

तुम्हीही तसंच करा. पाणी पाजा, सावलीत बांधा, आळीत अन् वस्तीवर विचारा. गाईच्या कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावरचा १२ आकडी नंबर जनावरांच्या दवाखान्यात सांगा. अनोळखी कुत्र्याला मात्र हात लावू नका. चावलाच तर साबण-पाण्यानं १५ मिनिटं जखम धुवा, घरी सांगा अन् लगेच दवाखाना गाठा.

आपलंच जनावर हरवलं तर? उद्यावर ढकलू नका. शेवटचं दिसलं तिथूनच हाका मारायला लागा. तुमचा आवाज ते ओळखतं.

– तुमच्या बाई