घरोघरी एक प्रत

डमडममध्ये राहणाऱ्या माणसाला जेसोर रोडवरच्या ग्रामोफोन कंपनीकडे दुर्लक्ष करता येत नाही. 1908 मध्ये सियालदहला सुरू झालेला या कंपनीचा तबकड्यांचा कारखाना 1928 च्या सुमारास इथे आला. पुढे कित्येक वर्षं मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली एचएमव्हीची मराठी गाणी तबकडीवर उतरायची ती इथेच. जुन्या तबकड्यांच्या लेबलांवर म्हणूनच डमडमचं नाव वाचायला मिळतं. मीना खडीकरांनी चाली दिलेली आणि त्यांच्याच मुलांनी, योगेश आणि रचना यांनी, गायलेली बालगीतं आज हवी तेव्हा विकत घेता येतात, ऐकता येतात. मी मात्र बरीच वर्षं शोधतो आहे ती मराठी मुलांसाठीच्या, किंवा मुलांनी मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून पाहिलेल्या, मालिका. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला ‘गोट्या’, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ, मुंबई दूरदर्शनच्या ‘किलबिल’चे भाग. पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत क्रमवार, स्वच्छ, पैसे मोजून घरी आणता येईल अशी यांची आवृत्ती माझ्या हाती आलेली नाही. गाणी टिकली आणि मालिका हातून निसटल्या, याचं कारण या शोधात मला सापडलं ते असं: गाण्यांच्या प्रती घरोघरी गेल्या, मालिकांच्या गेल्या नाहीत. म्हणून जुन्या बालमालिका घरी पाहण्यासाठी प्रसिद्ध करा, ही मागणी मी हौशी लोकांचा हट्ट मानत नाही. जतनाचा तोच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

तबकडी ही जन्मतःच विक्रीची वस्तू होती. एका गाण्याच्या हजारो प्रती निघत, आणि कारखान्यातला मूळ साचा हरवला तरी सांगलीत, इंदुरात, बडोद्यात कुणाच्या तरी कपाटात ते गाणं शिल्लक असे. दूरचित्रवाणीचं तसं नव्हतं. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, कलकत्ता केंद्र 9 ऑगस्ट 1975 रोजी. त्या काळात घरी मुद्रण करणारं यंत्र फारच थोड्यांकडे होतं. कार्यक्रम प्रक्षेपित झाला की त्याची असली तर एकच फीत केंद्रात उरे, आणि फीत महाग असल्यामुळे तिच्यावर दुसरं काही मुद्रित करण्याचा मोह सगळ्या जगातल्या केंद्रांना पडला. बीबीसीसारखी श्रीमंत संस्थाही त्यातून सुटली नाही. 1963 मध्ये मुलांना आणि घरच्यांना डोळ्यांपुढे ठेवून सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या त्या दशकातल्या अडीचशेहून अधिक भागांपैकी नव्वदहून अधिक भागांचं चित्रण बीबीसीनं पुसलं किंवा फेकून दिलं. गेलेल्या भागांचा आवाज मात्र एकूण एक उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी दूरचित्रवाणी संचापुढे टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपला होता. 2013 मध्ये याच मालिकेचे नऊ हरवलेले भाग नायजेरियात सापडल्याचं जाहीर झालं, तेही तिथल्या केंद्राला पूर्वी प्रती विकल्या होत्या म्हणून. मध्यवर्ती कोठारातून जे गेलं ते बाहेर गेलेल्या प्रतींमुळे परत आलं.

यावर कुणी म्हणेल की डमडमची गाणी कंपनीनं सांभाळली म्हणून टिकली, श्रोत्यांचा त्यात काय वाटा? वाटा मोठा आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची जागा एलपीनं घेतली, एलपीची कॅसेटनं, कॅसेटची सीडीनं. दर वेळी कंपनीनं जी गाणी नव्यानं काढली ती खपतील असा भरवसा असलेली होती. उरलेलं बरंचसं सांभाळलं ते संग्राहकांनी. 1990 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’चे सुरेश चांदवणकर आणि त्यांच्यासारखे लोक जुन्या बाजारांतून तबकड्या गोळा करत राहिले, त्यांच्या याद्या करत राहिले. नाट्यसंगीतातले कितीतरी आवाज आज ऐकू येतात ते या खटपटीमुळे. पण संग्राहकाला गोळा करायला बाजारात काहीतरी असावं लागतं. जी वस्तू कधी विकलीच गेली नाही, ती चोरबाजारात तरी कुठून येणार?

पुस्तकांशी तुलना केली तर हा फरक आणखी टोचतो. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, चिं. वि. जोशींचे चिमणराव, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ही पुस्तकं आजही दुकानात जाऊन घेता येतात. 1980च्या दशकात सुमीत राघवननं दूरदर्शनवर रंगवलेला फास्टर फेणे तसा घेता येत नाही. शिवाय पुस्तकाला कायद्याचं पाठबळ आहे. 1954 च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार पुण्यात छापलेल्या मराठी पुस्तकाची एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोचवणं प्रकाशकावर बंधनकारक आहे. डमडमहून अलीपूरला जाऊन मला मराठी बालसाहित्य वाचता येतं ते त्या तरतुदीमुळे. हा कायदा पुस्तकांना आणि नियतकालिकांना लागू आहे, दूरचित्रवाणी मालिकांना नाही. म्हणजे ताम्हनकरांचा गोट्या मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि कलकत्ता अशा चार ठिकाणी पोचावा अशी व्यवस्था राज्यकर्त्यांनी केली, आणि राजदत्तांचा गोट्या निर्मात्याच्या आणि केंद्राच्या सांभाळावर सोडून दिला.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: सगळं यूट्यूबवर आहे, मग विकत कशाला हवं? प्रसार भारतीनं आपल्या संग्रहातलं बरंच काही तिथे ठेवलं आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ राहायला हवं. पण तिथे जे दिसतं ते आज दिसतं, एवढंच. हक्कांची एक तक्रार आली, एक वाहिनी बंद झाली की भाग नाहीसा होतो, आणि प्रेक्षकाकडे काहीच उरत नाही. भाग अर्धवट असतात, क्रम चुकलेला असतो, श्रेयनामावली कापलेली असते. चार वेळा नक्कल झालेल्या कॅसेटवरून चढवलेलं चित्र ओळखीच्या चेहऱ्यांनाही अनोळखी करतं. 2020 च्या टाळेबंदीत काय झालं ते आठवावं. ‘रामायण’ पुन्हा दाखवायचं ठरलं तेव्हा हक्क सागर कुटुंबाकडे होते आणि फिती त्यांच्याकडून आणाव्या लागल्या. ती मालिका कॅसेट आणि डीव्हीडीच्या रूपानं बाजारात जिवंत होती, तिच्या मालकांनी ती जपली होती, म्हणून इतक्या घाईतही ती पडद्यावर आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘जंगल बुक’ परतलं. ‘किलबिल’ त्याच तयारीनं परत आणता आलं असतं का, हा प्रश्न मराठी प्रेक्षकानं विचारायला हवा.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे. चकत्यांचा जमाना संपला, असं सांगतात, आणि ते खरंच आहे. डीव्हीडी चौतीस रुपयांना विकून घराघरांत पोचलेली मोझर बेअर कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली, आणि जपानच्या फुनाई कंपनीनं 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. पण माझी मागणी चकतीची नाही, प्रतीची आहे. ती पेनड्राइव्हवर द्या, पैसे भरून कायमची उतरवून घेता येईल अशी द्या. डमडमच्या ग्रामोफोन कंपनीनं, म्हणजे आताच्या सारेगामानं, 2017 मध्ये पाच हजार गाणी भरलेला ‘कारवां’ बाजारात आणला. गाणी फोनवर फुकट मिळत असताना लोकांनी तो पैसे देऊन घेतला, आणि मागोमाग मराठी गाण्यांचा ‘कारवां’ही निघाला. नीट निवडलेलं, नीट मांडलेलं, आपल्या मालकीचं काही मिळत असेल तर लोक पैसे देतात, याचा याहून ताजा पुरावा कुठला हवा?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, तो हक्कांचा. दूरदर्शनच्या प्रायोजित मालिकांत निर्माता, प्रायोजक, लेखकाचे वारस, संगीतकार असे अनेक धागे गुंतलेले असतात, आणि त्यांतला एकेक माणूस शोधायचा तर वर्षं जातात. पण 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यातच याची वाट काढलेली आहे. मालक कृती पुन्हा प्रसिद्ध करायला विनाकारण नकार देत असेल तर कलम 31 खाली, आणि मालक हयात नसेल किंवा सापडतच नसेल तर कलम 31-क खाली, सक्तीचा परवाना मागता येतो. मोबदला ठरवून दिला जातो, म्हणजे वारसांचं नुकसान होत नाही. हक्क संपेपर्यंत थांबू म्हणावं तर चित्रपट आणि तत्सम चित्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं चालतो. 1970च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या मालिका 2030च्या दशकाच्या अखेरीस मोकळ्या होतील. तोवर फिती थांबणार नाहीत. मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या दमट हवेत फितीवरचा चुंबकीय लेप चिकट होतो, सुटू लागतो, आणि त्या काळच्या यू-मॅटिक फिती वाचणारी यंत्रं आता बनत नाहीत. हक्कांच्या बाजूनं थांबणं हेच मालिकेच्या विरुद्ध जाणं ठरतं.

शिवाय जिथे हक्कांचा गुंता कमीत कमी आहे तिथे तरी आपण काय केलं? पुण्याच्या ‘बालचित्रवाणी’नं 1984 पासून सरकारी खर्चानं मराठी मुलांसाठी हजारो शैक्षणिक कार्यक्रम तयार केले, दूरदर्शनवरून ते गावोगावच्या शाळांत दिसले. केंद्राचं अनुदान थांबलं आणि 2017 मध्ये ती संस्थाच बंद झाली. हे कार्यक्रम करदात्यांच्या पैशातून झाले आहेत. त्यांची पूर्ण यादी छापणं आणि निवडक संच विक्रीला ठेवणं यासाठी कुठल्याही निर्मात्याच्या दारात उभं राहावं लागत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच व्हावी असं मला वाटतं.

शेवटचा आक्षेप सौम्य असतो, पण जास्त बोचतो: हे सगळं पन्नाशीतल्या माणसांचं गतकातर दुखणं आहे, आजची मुलं संथ मालिका पाहणार नाहीत. काही पाहणार नाहीत, हे मान्य. पण कोणती पाहतील हे त्यांच्यासमोर ठेवल्याशिवाय कसं कळणार? शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ संथच आहे. ती डीव्हीडीवर आली आणि पुढच्या पिढीच्या घरांत शिरली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत तर हा प्रश्न करमणुकीपुरता राहत नाही. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात सणासुदीला जमणाऱ्या मुलांना मराठी ऐकू येतं ते मुख्यतः आईवडलांकडून. त्यांच्याच वयाची मुलं भांडताना, खोड्या काढताना, गयावया करताना मराठी कशी बोलतात, ते त्यांना अशा मालिकांतूनच कळेल. आणि ही ओढ आपल्या एकट्यांची नाही. इथल्या बंगाली घरांत ‘चिचिंग फाँक’ या कलकत्ता दूरदर्शनच्या मुलांच्या कार्यक्रमाबद्दल हीच हळहळ असते. संदीप राय यांनी 1980च्या दशकात दूरदर्शनसाठी केलेल्या ‘किस्सा काठमांडू में’त शशी कपूर गुप्तहेर फेलूदा होते आणि त्यांचे साथीदार जटायू होते आपले मोहन आगाशे. त्या मालिकेची चांगली आवृत्ती निघावी यात बंगाली आणि मराठी प्रेक्षकाचा स्वार्थ एकच आहे.

म्हणून मागणी तीन गोष्टींची. मुंबई दूरदर्शननं आणि राज्याच्या शिक्षण खात्यानं मुलांच्या कार्यक्रमांपैकी काय शिल्लक आहे याची भागवार यादी जाहीर करावी. जे धड आहे ते विकत घेता येईल अशा रूपात काढावं. आणि ग्रंथ-प्रदान कायद्याच्या धर्तीवर प्रत्येक संचाची एकेक प्रत सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवावी. वाचकांकडेही एक मागणं आहे. माळ्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील तर त्या भंगारात देण्याआधी त्यांवर काय आहे ते पाहून घ्या, फीत चांगली आहे तोवर डिजिटल करून घ्या, आणि भागाचं नाव व तारीख लिहून ठेवा. केंद्रात नसलेला एखादा भाग तुमच्याच घरात असू शकतो.